चौऱ्याण्णववर अडकलेली तार

इंटरनेट बंद पडलं की घरात सगळ्यांना एकाच वेळी कळतं. टीव्हीवरचं गोल चाक फिरत राहतं, आतल्या खोलीतून मुलगी ओरडते, राउटरवरचा लाल दिवा साक्षीला असतो आणि नेटवाल्याला फोन जातो. हळू पडलेल्या इंटरनेटचं तसं होत नाही. ते महिनोन्महिने चालत राहतं. पानं उघडतात, सिनेमे दिसतात, विजेची बिलं भरली जातात. घरची माणसं त्या गतीला सरावतात, आणि पैसे भरलेल्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यावर घर चाललंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

यातला सगळ्यात बुचकळ्यात टाकणारा प्रकार तारेने जोडलेल्या संगणकावर दिसतो. घरात ३०० एमबीपीएसचं पॅकेज आहे. सोफ्यावर बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट घेतली तर वायफायवर २८० दिसतात. टेबलावरचा संगणक मात्र, ज्याला मुद्दाम लॅनची वायर ओढून दिली, तो ९४ च्या पुढे सरकत नाही. वास्तविक तार वायफायपेक्षा भरवशाची. शेजाऱ्यांच्या राउटरचा, मायक्रोवेव्हचा, मधल्या भिंतींचा तिला त्रास नाही. ऑनलाइन परीक्षा असो की परदेशी ऑफिसची मीटिंग, जाणती माणसं तारच जोडायला सांगतात. तीच मागे पडली की संशय आधी कंपनीवर जातो. कंपनीचा माणूस येतो, स्वतःच्या फोनवर चाचणी घेतो, स्क्रीन दाखवतो. “काका, आमच्याकडून ओके आहे. तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असेल.” मग कॉम्प्युटरवाला येतो, तासभर बसतो, साफसफाई करतो आणि म्हणतो, “मशीन चांगलं आहे काका, तुम्ही नेटवाल्यालाच बोलवा.” दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. बिघाड त्या दोघांच्या मधल्या दहा-पंधरा मीटर तारेत असतो आणि ती तार कुणाच्याच कामाच्या हद्दीत येत नाही.

अशा वेळी सगळ्यात मोलाचा साक्षीदार म्हणजे तो आकडा. ४० दिसला, ६० दिसला, कधी १५० दिसला, तर कारणं शंभर असू शकतात. पण पुन्हा पुन्हा, सकाळ-संध्याकाळ, ९३ ते ९५ च्या दरम्यानच आकडा येत असेल तर त्याचा उगम जवळजवळ नेमका सांगता येतो. तारेवरून माहिती सलग वाहत नाही, ती जास्तीत जास्त १५०० बाइटांचे गठ्ठे करून जाते. प्रत्येक गठ्ठ्याच्या पुढे-मागे ३८ बाइटांची जागा आणखी जाते: सुरुवातीची खूण, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, चूक पकडण्यासाठीची बेरीज आणि दोन गठ्ठ्यांमध्ये सक्तीने सोडायची मोकळी जागा. १५०० च्या आतही पत्त्यांपायी आणि हिशेबापायी किमान ४० बाइट खर्च होतात. उरतात १४६०. म्हणजे तारेवर १५३८ बाइटांचा वेळ गेला की माणसाच्या कामाचे १४६० बाइट पोचतात, साधारण ९४.९ टक्के. संगणकाने वेळेची नोंद जोडली की आणखी १२ बाइट जातात आणि ९४.१ टक्के उरतात. १०० एमबीपीएसने जोडलेल्या तारेवरून याहून जास्त काही येऊच शकत नाही. तेव्हा ९४ हा आकडा सांगतो की इंटरनेट ठीक आहे, संगणकही बहुधा ठीक आहे, पण वाटेत कुठेतरी जोडणी १००० ऐवजी १०० ची झाली आहे.

ती १०० ची होते कशी, हे समजायला या तारेचा इतिहास थोडा चाळावा लागतो. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यातून इथरनेटची सुरुवात झाली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी बांधलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग होता २.९४ एमबीपीएस. १९८३ मध्ये १० एमबीपीएसचं प्रमाणित रूप आलं, १९९५ मध्ये १०० चं आणि १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या तारेवरून १००० चं, म्हणजे गिगाबिटचं. आपल्याकडे याच्याही पाच वर्षांनी, २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात, २५६ केबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं होतं. ती किमान मर्यादा २ एमबीपीएसवर आली २०२३ मध्ये. घरातली तार बाहेरच्या इंटरनेटच्या कितीतरी पुढे होती. त्यामुळे भारतातल्या घरांत वर्षानुवर्षं तारेकडे बघायची गरजच पडली नाही. ५० चं पॅकेज असताना तार १०० वर अडकलेली असली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. फायबर दारात आलं, पॅकेजं २०० आणि ३०० ची झाली आणि दहा-दहा वर्षं झाकून राहिलेली जुनी दुखणी एकदम वर आली.

प्रत्येक नव्या पिढीची एक अट होती: जुन्या यंत्राशीही जमवून घेता आलं पाहिजे. म्हणून वायर खोचल्याबरोबर दोन्ही टोकांची यंत्रं आधी एकमेकांशी बोलून घेतात. मी १००० जाऊ शकतो, तू? मीही. मग १००० ठरलं. हे बोलणं बारीक विद्युत स्पंदनांनी होतं आणि ते वायरीतल्या आठ तारांच्या चार जोड्यांपैकी फक्त दोन जोड्यांवरून होतं. इथेच गोम आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात. एक जायला, एक यायला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, प्रत्येक जोडीवरून २५० एमबीपीएस आणि तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. आता समजा, तपकिरी जोडीतली एक तार आत तुटलेली आहे. बोलणं होतं नारिंगी आणि हिरव्या जोडीवरून, त्या शाबूत आहेत. दोन्ही यंत्रं १००० वर राजी होतात, प्रत्यक्ष सुरू करायला जातात आणि जमत नाही. पुन्हा प्रयत्न, पुन्हा अपयश. काही प्रयत्नांनंतर बहुतेक आधुनिक चिपा शहाणपणाने माघार घेतात आणि १०० वर स्थिरावतात. हिरवा दिवा लागतो. स्क्रीनवर “कनेक्टेड” उमटतं.

या माघारीबद्दल कृतज्ञच असायला हवं. एक तार तुटली म्हणून सगळं काम ठप्प होण्यापेक्षा कमी गतीने चालू राहिलेलं बरं, हा विचार ज्यांनी यंत्रांत घातला ते मोठे अभियंते होते. मात्र ही तडजोड घरच्यांना कुणी कळवत नाही. कुठलीही खिडकी उघडून सांगत नाही की चारपैकी एक जोडी गेली आहे, जमल्यास बघा. माहिती लपवलेली नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर “लिंक स्पीड” म्हणून ती लिहिलेली असते, लिनक्सवर इथटूल ही आज्ञा दिली की दिसते. तिथे १०० असेल तर शोध अर्धा संपला. पण तिथवर जायचं असतं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. स्पीड टेस्ट घेण्याआधी हा एक आकडा बघण्याची सवय घराघरांत लागली, तर कितीतरी फेऱ्या, कितीतरी वाद आणि विनाकारण विकत घेतलेले कितीतरी राउटर वाचतील.

तार बिघडते कुठे? घरात तिला फार सोसावं लागतं. दिवाळीच्या साफसफाईत टेबल भिंतीला सारलं जातं आणि मागची वायर काटकोनात मुडपते. खुर्चीची चाकं रोज तिच्यावरून जातात. गॅलरीतून आत घेताना ती सरकत्या खिडकीच्या फटीतून घेतलेली असते आणि खिडकी लावली की दर वेळी दाबली जाते. गच्चीवरून उतरवलेली वायर तर वेगळीच परीक्षा देते: चैत्र-वैशाखाच्या उन्हात वरचं प्लॅस्टिक तडकतं, ज्येष्ठ-आषाढात त्या भेगेतून पाणी आत शिरतं, मृगाआधीच्या वळवात जवळ वीज पडली तर तारेत चढलेल्या दाबाने पोर्टच जातो. कोकणपट्टीच्या दमट हवेत टोकाच्या पिनांवर गंज धरतो. डक्टमध्ये उंदीर असतात. आणि प्लगची ती एवढीशी प्लॅस्टिकची क्लिप! ती तुटली की प्लग पोर्टमध्ये नुसता टेकून राहतो. हात लागला की १०००, सुटला की १००.

बाजारातल्या स्वस्त वायरीचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. आत तांबं आहे असं वाटतं, पण ते वरचा पातळ मुलामा असतो; गाभा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. ते हलकं असतं, स्वस्त असतं आणि दोन-चारदा वाकवलं की तुटतं. आंतरराष्ट्रीय मानकांत कॅट-५ई किंवा कॅट-६ म्हणवून घ्यायला तार अस्सल तांब्याचीच लागते, तरीही मुलाम्याच्या वायरीवर ही नावं सर्रास छापलेली दिसतात. ओळखायला सोपं आहे: टोकाची तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी चकाकते. नव्या घराची वायरिंग करताना मालकाने हा एक ब्लेड हातात घ्यावा. भिंतीत एकदा पाइप बुजले की नंतर ती वायर बदलायला किती खर्च आणि किती मनस्ताप होतो, हे भोगलेल्यांनाच कळतं.

आणि मग टोकं. आठ बारीक तारा रंगाच्या क्रमाने लावून, कापून, पारदर्शक प्लगमध्ये सारून, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबायच्या. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवख्याला यात एक विचित्र गोष्ट खटकते. हिरव्या जोडीतले दोघं वेगळे का पाडले? एक तिसऱ्या जागी, दुसरा सहाव्या, मध्ये निळी जोडी. हे टेलिफोनपासून चालत आलं आहे. फोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या असत, ती जागा निळ्या जोडीला ठेवली आणि हिरवीला तिच्या दोन बाजूंना बसवलं.

हा इतिहास माहीत नसलेला माणूस साहजिकच जोड्या ओळीने लावतो: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग दोन्ही टोकांना टेस्टर लावतो. एक ते आठ दिवे क्रमाने लागतात. प्रत्येक तार इथून तिथे पोचते आहे, कुठे तुटलेली नाही, कुठे अदलाबदल नाही. पास! आणि तरीही त्या वायरीवर इंटरनेट अडखळत राहतं. कारण यंत्रं तिसऱ्या आणि सहाव्या पिनेला एक जोडी मानतात, आणि या वायरीत त्या जागी हिरव्या जोडीतली एक आणि निळ्या जोडीतली एक अशा परक्या तारा येऊन बसलेल्या असतात.

परक्या असल्या म्हणून काय झालं, तांबंच तर आहे? याचं उत्तर अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या १८८१ सालच्या पेटंटमध्ये आहे. टेलिफोनच्या तारांवर शेजारच्या तारांचा आवाज चढत असे. बेल यांनी सुचवलं की जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळा. पिळामुळे दोघींवर बाहेरचा गोंगाट सारखाच चढतो. संदेश मात्र एकीवर जसा असतो त्याच्या बरोबर उलट दुसरीवर असतो, म्हणून पलीकडच्या टोकाला दोघींमधला फरक घेतला की गोंगाट कटतो आणि संदेश उरतो. आजच्या वायरीत तर चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात, म्हणजे एकीचं दुसरीवर चढू नये. जोडी फुटली की पिळाचं सगळं संरक्षण गेलं. टेस्टरच्या दिव्याला हे दिसत नाही, कारण तो बॅटरीचा संथ प्रवाह सोडतो. तार आहे की नाही, एवढंच तो विचारतो. सेकंदाला साडेबारा कोटी वेळा बदलणारा संदेश त्या तारेवरून नीट जातो का, हे विचारण्याची त्याची ताकद नाही. याच कारणाने प्लगमध्ये घालताना पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. अंधाऱ्या डक्टपाशी शिडीवर उभं राहून, दिवसभरात ठरलेल्या जोडण्या उरकायच्या असताना, तेरा मिलिमीटरची शिस्त पाळणाऱ्या वायरमनचं कौशल्य कुठल्याही जाहिरातीत येत नाही. घरातल्या गतीचा मोठा हिस्सा त्याच्या बोटांत असतो.

शोध घेण्याची रीत जुनीच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी चांगली म्हणून खात्री असलेली छोटी वायर घ्यायची, संगणक उचलून थेट फायबरच्या डबीपाशी न्यायचा, जोडायचा आणि लिंक स्पीड बघायचा. लॅपटॉप असेल तर फारच सोपं. इथे १००० आले तर भिंतीतली वायर दोषी. इथेही १०० च आले तर डबीवरचा दुसरा पोर्ट वापरून बघायचा, आणि हे अनेकांना माहीत नसतं: फायबरच्या कित्येक डब्यांवर दोन किंवा चार पोर्ट असतात, पण गिगाबिटचा त्यातला एकच, बाकीचे १०० चे. दिसायला सगळे सारखे. संगणक चुकीच्या पोर्टात खोचला गेला म्हणून लोकांनी वर्षभर तिसरा हिस्सा वेग वापरलेला असतो. मध्ये एखादा जुना स्विच असला तर तोही बघायचा. १०० च्या मर्यादेचे आठ पोर्टांचे स्विच अजूनही विकले जातात आणि दुकानदार ते “चालतील की” म्हणून देतो. संगणक फारच जुना असेल तर त्याच्या मदरबोर्डवरच १०० ची मर्यादा असू शकते. घरात दोन संगणक असतील तर आयपर्फ नावाचं छोटं साधन मोफत मिळतं. ते इंटरनेटला स्पर्श न करता घरातल्या घरात तारेचा वेग मोजतं. गिगाबिटवर तिथे ९४० च्या आसपास दिसलं पाहिजे.

एक जुनं दुखणं मात्र असं आहे की त्यात लिंक स्पीड १०० दिसतो आणि गती त्याच्याही खूप खाली रांगते. कुणीतरी कधीतरी संगणकाच्या सेटिंगमध्ये वेग हाताने बांधून ठेवलेला असतो: १०० आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी. असं बांधलं की ते टोक बोलणंच थांबवतं. समोरच्या यंत्राला वेग ओळखता येतो, पण दोन्ही दिशांची परवानगी आहे का हे ओळखता येत नाही, म्हणून ते एका वेळी एकच दिशा धरतं. मग छोटी पानं ठीक उघडतात आणि मोठी फाइल घेताना एकमेकांच्या बोलण्यात बोलणं मिसळून सगळं विस्कटतं. उपाय एका क्लिकचा आहे, सेटिंग पुन्हा “ऑटो” करायची.

तार सुधारल्यासारखी वाटली, १००० दिसू लागले, स्पीड टेस्ट २९० दाखवते, आणि तरीही अमेरिकेतल्या ऑफिसची फाइल उतरायला तास लागतो. इथे दुसऱ्या प्रकारची मूक तडजोड चालू असते. इंटरनेटवर गठ्ठा हरवला की तो पुन्हा मागवला जातो, आणि हरवणं म्हणजे वाटेत गर्दी आहे असं समजून पाठवणारा आपला वेग कमी करतो. या समजुतीमागे एक मोठी घटना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी अचानक कोलमडली. अंतर होतं ४०० यार्ड. वेग ३२ केबीपीएसवरून घसरला तो थेट सेकंदाला ४० बिटांवर, म्हणजे आठशेपट कमी. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा माग काढला. सगळे संगणक हरवलेले गठ्ठे पुन्हा पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी वाढत होती, त्याने आणखी गठ्ठे हरवत होते. मायकेल कॅरल्स यांच्या साथीने त्यांनी शोधलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला: गठ्ठा हरवला की सगळ्यांनी मागे सरायचं, मग हळूहळू पुढे यायचं. जगातलं इंटरनेट आज उभं आहे त्यात या विनयाचा वाटा फार मोठा आहे.

पण सदोष तारेवर गठ्ठे गर्दीमुळे हरवत नाहीत, ते बिघडतात आणि टाकून दिले जातात. पाठवणाऱ्याला हा फरक कळत नाही; तो प्रामाणिकपणे मागे सरतो. १९९७ मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राने याचा हिशेब करता येतो. दहा हजारांत एकच गठ्ठा हरवतो असं धरू. सर्व्हर जवळच असेल, जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद, तर एका जोडणीला साधारण २८५ एमबीपीएस मिळतात. सर्व्हर अमेरिकेत असेल, जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद, तर त्याच तारेवर उरतात फक्त ७. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणून तिथे हे दुखणं झाकलं जातं. गेल्या काही वर्षांत आलेल्या पद्धती याहून बऱ्याच सहनशील आहेत, तरी दूरच्या सर्व्हरशी काम असलेल्या माणसाने एक तपासणी जरूर करावी: राउटरच्या पत्त्यावर, पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, पिंग (पलीकडून उत्तर येतं का आणि किती वेळात, हे मोजणारी आज्ञा) लावून ठेवायचा आणि जेवून यायचं. तारेने जोडलेल्या संगणकाकडून राउटरपर्यंत एकही गठ्ठा हरवता कामा नये. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत किंवा त्याच्या आसपास यायला हवं. मधूनच “रिक्वेस्ट टाइम्ड आउट” दिसलं तर चूक घरातच आहे.

तिसरा प्रकार संध्याकाळी जाणवतो. वेग पुरेसा आहे, गठ्ठे हरवत नाहीत, तरी कुणी फोनमधले फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की व्हिडिओ कॉलवरचा चेहरा गोठतो. २०१० मध्ये जिम गेटिस यांना मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरी हेच दिसलं. मोठी फाइल पाठवत असताना बाकी सगळ्याला लागणारा वेळ सेकंदाच्या वर जात होता. त्यांनी चिकाटीने शोधून काढलं की मोडेम, राउटर आणि वाटेतल्या यंत्रांमध्ये साठवणीची जागा गरजेच्या कितीतरी पट वाढवून ठेवली गेली आहे. मेमरी स्वस्त झाली, आणि गठ्ठा हरवणं वाईट, म्हणून प्रत्येक यंत्राने गठ्ठे साठवून ठेवायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पाठवणाऱ्याला गर्दीची खबरच मिळेना, तो वेग वाढवत राहिला आणि रांग लांबत गेली. टोलनाक्यावर तासाला तेवढ्याच गाड्या सुटत असतात, आकडा कमी होत नाही, पण दोन किलोमीटर मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेला त्या आकड्याचा काही उपयोग नसतो. बोलण्याचा आवाज वाहून नेणारा छोटा गठ्ठा त्या रुग्णवाहिकेच्या जागी असतो.

यावरचा उपाय २०१२ मध्ये आला, कॅथलीन निकल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांच्याकडून. रांग किती लांब आहे हे न बघता गठ्ठा रांगेत किती वेळ थांबला ते बघायचं, आणि हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला तर मुद्दाम एखादा गठ्ठा टाकून पाठवणाऱ्याला खबर द्यायची. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारं त्याचं पुढचं रूप लिनक्समध्ये त्याच वर्षी आलं. ते घरोघरच्या राउटरांपर्यंत पोचावं म्हणून डेव्ह टॅट यांनी अखेरपर्यंत धडपड केली. २०२५ मध्ये ते गेले. ज्यांच्या राउटरमध्ये ही सोय आहे त्यांनी मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा बांधून ती चालू करावी. स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरेल. कॉलवरचं बोलणं तुटणं थांबेल, आणि ज्या घरात एकाच वेळी दोन मीटिंगा आणि एक क्लास चालतो तिथे हा सौदा दहा टक्क्यांहून खूप मोठा आहे.

संगणकाच्या आत शोधायच्या गोष्टी त्यामानाने थोड्या. अँटिव्हायरस प्रत्येक बाइट तपासत असेल तर क्षणभर बंद करून फरक बघावा. पडद्याआड अपडेट किंवा क्लाउडची नक्कल चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये दिसते. यूएसबीला लावलेलं लॅनचं अडॅप्टर निळ्या किंवा वेगवान खाचेत आहे ना, तेही बघावं. जुन्या यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० एमबीपीएसची आहे. आणि डाउनलोडच्या खिडकीत ३६ दिसत असेल तर घाबरायचं कारण नाही. तिथे मेगाबाइट मोजलेले असतात, कंपनी मेगाबिट मोजते. ३६ ला ८ ने गुणलं की २८८ होतात, म्हणजे सगळं यथास्थित आहे.

हे सगळं धड असूनही रात्री नऊला गती उतरते आणि पहाटे पूर्ण मिळते, असं झालं तर दोष घराच्या भिंतीबाहेर आहे. घरी येणारं फायबर बहुधा एकट्याचं नसतं. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत एका धाग्यावर २.४८८ गिगाबिटची धार असते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढायचं ठरवलं तर प्रत्येकाला ७८ हून कमी येतात. सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत या अंदाजावर ही व्यवस्था चालते आणि बहुतेक वेळ नीट चालते. कंपनीने पुढची वाहिनी अपुरी घेतली असेल तेव्हा अंदाज चुकतो.

अशी तक्रार नोंदवताना आठवडाभराच्या नोंदी सोबत असाव्यात: तारीख, वेळ, वायफाय बंद ठेवून तारेवरून घेतलेली चाचणी, त्या वेळचा लिंक स्पीड, राउटरपर्यंतचा पिंग आणि राउटरच्या पलीकडे कंपनीच्या पहिल्या थांब्यापर्यंतचा पिंग. राउटरपर्यंत एक मिलिसेकंद आणि पहिल्या थांब्याला रात्री ऐंशी, पहाटे तीन, असं कागदावर आलं की “तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे” हे उत्तर उरत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी दोन पायऱ्या ठेवल्या आहेत, आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण. अपिलाच्या अर्जाला याच नोंदी जोडायच्या, त्याच क्रमाने, आणि वर तो तक्रार क्रमांक लिहायचा.